फुल्गोरावरचं भंगार: स्प्लिटर, इन्सर्टर की रोबोट?

शिरोलीच्या फाउंड्रीत भंगाराची गाडी उतरली की पहिलं काम निवडायचं. बीड (ओतीव लोखंड) एकीकडे, एमएस (माइल्ड स्टील) दुसरीकडे, आणि तांब्याचा तुकडा दिसला की तो आधी बाहेर, कारण तो भट्टीत गेला तर अख्ख्या हीटची, म्हणजे भट्टीतल्या एका घाण्याची, केमिस्ट्री बिघडते. दिवसभर मी हे बघतो आणि रात्री घरी येऊन फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये पुन्हा तेच करतो. बायको विचारते, या दुसऱ्या ड्यूटीचा पगार कधी मिळणार?

आमच्या शॉपमधला एक पोरगा गेल्या आठवड्यात त्याच गेमच्या स्पेस एज या एक्स्पान्शनमध्ये फुल्गोरा या भंगाराच्या ग्रहावर उतरला. डब्याच्या सुट्टीत म्हणाला, "दादा, सॉर्टिंग कसलं लावू? स्प्लिटरचं, इन्सर्टरचं का रोबोटचं?" स्प्लिटर म्हणजे बेल्टवरचा माल दोन वाटांना वाटणारं यंत्र, इन्सर्टर म्हणजे माल उचलून ठेवणारा यांत्रिक हात, आणि रोबोट म्हणजे उडत माल नेणारे. त्याला घाईत जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर.

आधी भंगारातून निघतं काय ते बघा. १०० स्क्रॅप (भंगार) रिसायकलरमध्ये, म्हणजे वस्तू फोडणाऱ्या यंत्रात, घातलं की सरासरी २० गियर निघतात, ७ सॉलिड फ्युएल, ६ काँक्रीट, ५ बर्फ. स्टील, बॅटरी आणि दगड प्रत्येकी ४. लाल सर्किट आणि तांब्याची तार ३-३, निळं सर्किट २, लो डेन्सिटी स्ट्रक्चर १. आणि ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला ते होल्मियम, तेही १. म्हणजे १२ प्रकार, त्यात प्रत्येक तिसरी वस्तू गियर. पिवळा बेल्ट सेकंदाला १५ वस्तू नेतो. तो गच्च भरून स्क्रॅप दिलं तर मिनिटाला १८० गियर येतात आणि होल्मियम येतं ९.

म्हणून कुठली पद्धत फास्ट, हा प्रश्नच मी बाजूला ठेवतो. वेगळं करायला तिन्ही पद्धतींना जमतं. एखादी वस्तू तुंबली की बाकीच्या ११ जणींचं काय होतं, ते बघून निवडा.

माझी पसंती स्प्लिटरला आहे, तर त्याच्यापासूनच सुरू करतो. मेन बेल्टवर एकामागून एक १२ स्प्लिटर, प्रत्येकावर एका वस्तूचा फिल्टर. ती वस्तू बाजूच्या लाइनला जाते, बाकी माल पुढे. स्प्लिटरचा वेग बेल्टइतकाच असतो आणि त्याला वीज लागत नाही. फुल्गोरावर वीज आकाशातून पडते, ती अॅक्युम्युलेटरमध्ये साठवून पुरवून वापरायची, त्यामुळे ही छोटी गोष्ट नाही. गियरचा स्प्लिटर पहिला ठेवा, पुढच्या बेल्टवरची एक तृतीयांश गर्दी तिथेच कमी होते.

आता खोट. बाजूची लाइन भरली की ती वस्तू स्प्लिटरच्या तोंडाशी अडते आणि तिच्यामागे सगळा बेल्ट उभा राहतो. माझ्या पहिल्या मांडणीत गियरच्या लाइनच्या टोकाला एक स्टीलची चेस्ट (पेटी) होती. ४८ खणी, खणाला १०० गियर, म्हणजे ४८०० मावतात. भरपूर वाटतात ना? सेकंदाला ३ गियरने ती २७ मिनिटांत भरते. मी जेवायला उठलो, तांबडा रस्सा दोनदा घेतला, परत आलो तर सगळं गार. होल्मियमची लाइन रिकामी आणि मेन बेल्टवर तोंडाशी एक गियर.

उपाय मात्र सोपा आहे. प्रत्येक लाइनवर आणखी एक स्प्लिटर टाका, त्याची आउटपुट प्रायॉरिटी वापराच्या बाजूला ठेवा. तिकडे जागा आहे तोवर माल तिकडे जातो, भरलं की दुसऱ्या बाजूने रिसायकलरकडे. रिसायकलर घटकांच्या २५ टक्के परत देतो: गियरला दोन लोखंडी प्लेटा लागतात, म्हणून गियरमागे अर्धी प्लेट. प्लेट पुन्हा घातली की पाव प्लेट. दोन-चार फेऱ्यांत माल संपतो.

इथे एक चूक जवळपास सगळे करतात, मीही केली. रिसायकलरमधून निघालेलं उरलंसुरलं मेन बेल्टवर परत सोडलं. मग त्या बेल्टवर प्लेटा आल्या, काँक्रीट फोडलं तर लोखंडाचं ओर (कच्चं खनिज) आणि विटा आल्या, आणि यांच्यासाठी स्प्लिटर कुठाय? शेवटच्या टोकाला जाऊन बसल्या आणि लाइन पुन्हा बंद. जादा माल संपवणारा रिसायकलर वेगळ्या छोट्या चक्रावर ठेवा, आणि चक्रात फिरून येणाऱ्या मालाला इनपुट प्रायॉरिटी द्या, म्हणजे तो आधी आत जाईल. मेन बेल्टचं शेवटचं टोकही त्याच चक्रात सोडा.

सॅटिस्फॅक्टरी हा असाच दुसरा गेम खेळणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. त्यांच्या स्मार्ट स्प्लिटरला ओव्हरफ्लोची सोय आहे, जादा माल तो गिळणाऱ्या सिंकमध्ये सोडला की विषय संपला.

इन्सर्टरची पद्धत म्हणजे सगळा माल एका गोल बेल्टवर फिरत ठेवायचा आणि बाजूने इन्सर्टर आपापला फिल्टर लावून उचलत राहतात. २०२४च्या ऑक्टोबरआधीचे व्हिडिओ बघत असाल तर त्यात फिल्टर इन्सर्टर वेगळा दिसेल, गेमच्या २.० आवृत्तीपासून प्रत्येक इन्सर्टरला फिल्टर आहे, आणि एकाला पाच वस्तू लावता येतात. बघायला याच्यासारखं सुंदर काही नाही. पण फास्ट इन्सर्टर रिसर्चचा बोनस नसताना सेकंदाला २.३१ वस्तू हलवतो, गियर येतात ३. उरलेले फिरत राहतात, चक्र हळूहळू गियरने भरतं आणि होल्मियमला चढायला जागा उरत नाही. ते टाळायचं तर वायर जोडून बेल्टवरच्या वस्तू मोजायच्या आणि मर्यादा गाठली की आवक थांबवायची. सर्किटचा नाद असेल तर जरूर करा. फुल्गोरावर पहिल्यांदा उतरलेल्याने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या पद्धतीचं खरं घर ग्रहांमधे फिरणाऱ्या स्पेस प्लॅटफॉर्मवर आहे. तिथे चेस्ट ठेवता येत नाही, रोबोट उडत नाहीत, सुरुवातीला अंतराळातून येणाऱ्या दगडांचे प्रकार तीनच, आणि जादा झालं की इन्सर्टरने सरळ अंतराळात फेकायचं.

राहिले रोबोट. रिसायकलरच्या तोंडाशी जांभळी अॅक्टिव्ह प्रोव्हायडर चेस्ट ठेवली की रोबोट येतील ते उचलून पिवळ्या स्टोरेजमध्ये नेतात. ना बेल्ट, ना क्रम, ना १२ लाइनी. फुल्गोराची बेटं आधीच अडचणीची, तिथे जागा वाचते ती वेगळीच. पण हिशोब करा. रिसर्च नसताना रोबोट सेकंदाला ३ टाइल (जमिनीचे चौकोन) उडतो आणि एक वस्तू नेतो. ३० टाइल लांब जाऊन-येऊन २० सेकंद. सेकंदाला ९ वस्तू निघतात, म्हणजे १८० रोबोट कायम हवेत. वाहण्याची क्षमता ४ पर्यंत वाढवली की तेच काम ४५ जण करतात. शिवाय एका रोबोपोर्टवर, म्हणजे त्यांच्या चार्जिंगच्या तळावर, एकावेळी चारच चार्ज होतात. बाकीचे वर घोंगावत बसतात, रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेळेच्या गाडीभोवती असतात तसे.

आणि तुंबणं इथेही सुटत नाही, फक्त उशिरा येतं. स्टोरेज भरली की जांभळी चेस्ट भरते, रिसायकलर थांबतो. फरक एवढाच की इलाज एका कोपऱ्यात होतो: गियर मागवणारी निळी रिक्वेस्टर चेस्ट, तिच्यापुढे रिसायकलर, मध्ये इन्सर्टर. इन्सर्टर लॉजिस्टिक नेटवर्कला, म्हणजे रोबोटांच्या साठ्याच्या हिशोबाला, जोडून अट घाला, गियर ५००० च्या वर असतील तरच चाल. वायर ओढायची गरज नाही. जी वस्तू वाढेल तिच्यासाठी असाच एक संच.

तर पहिलीच फेरी असेल, रोबोट शंभरच्या आत असतील, तर डोळे झाकून स्प्लिटर. रोबोटची क्षमता ३-४ झालेली असेल, वीज पुरून उरत असेल, तर रोबोट, आणि बेल्टकडे वळूनही बघू नका. दोन्हीच्या मधे असाल तर गियर तेवढे स्प्लिटरने बेल्टवरच काढा आणि उरलेल्या ११ वस्तू रोबोटवर सोडा. माझं सध्या असंच चालू आहे. उचलायचा माल एक तृतीयांशाने कमी झाला.

पोराने स्प्लिटर लावले. सोमवारी सुट्टी होती, रात्री त्याचा फोटो आला: अकरा लाइनी व्यवस्थित, आणि मेन बेल्टवर लांबच्या लांब काँक्रीट. त्या एकाच लाइनला जादा मालाची वाट द्यायची राहिली होती. खाली लिहिलं होतं, "दादा, जेवायला गेलतो."