लिनक्सचं पर्फ, काही महिने वापरल्यानंतर: कंसातले टक्के आधी बघा

भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर आमचं रात्रीचं शब्दसूची बांधायचं काम रेंगाळायला लागलं आणि सपोर्टवाल्यांनी एकच धोशा लावला: मोठं मशीन घ्या. का घ्यायचं, ते कुणी सांगेना. मी पर्फ, म्हणजे प्रोग्रॅम चालताना प्रोसेसर आत काय करतो ते मोजणारं लिनक्सचं साधन, हाती घेतलं. त्याची पर्फ स्टॅट ही मोजणीची आज्ञा लावून बघितली, तर सायकल्स (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), इन्स्ट्रक्शन्स (पुऱ्या केलेल्या सूचना), कॅश-मिसेस (जवळच्या वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, माहिती न सापडण्याच्या वेळा) सगळ्यांसमोर 'नॉट सपोर्टेड'. टास्क-क्लॉक (प्रोसेसरवर गेलेला वेळ) आणि पेज-फॉल्ट (हवं ते मेमरीचं पान जागेवर नसण्याच्या वेळा) तेवढे दिसले, कारण ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच मोजतो. बाकीचं मोजणारे प्रोसेसरमधले काउंटर व्हर्च्युअल मशीनला द्यायचे की नाही हे हायपरवायझरच्या, म्हणजे एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, हातात असतं, आणि आमच्या प्लॅनमध्ये ते दिलेच नव्हते. दरमहा जास्त पैसे मागायचे आणि ते कशासाठी लागताहेत हे तपासायची सोय मात्र द्यायची नाही, याचा मला मनापासून राग आला. तेच काम मी घरच्या जुन्या, इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या लॅपटॉपवर चालवलं आणि तेव्हापासून पर्फ रोज वापरतोय.

इन्स्टॉल करण्याबद्दल फार लिहीत नाही. उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांवर कर्नल अपडेट झाला की त्याच आवृत्तीचं लिनक्स-टूल्स पॅकेज लागतं, नसलं तर पर्फ अडून बसतं. साध्या युजरला परवानगी मिळत नाही, कारण तिथे पॅरानॉइड पातळी (मोजणीवर किती बंधन ते ठरवणारा आकडा) मूळ कर्नलच्या २ ऐवजी ४ ठेवलेली असते. सारखं सुडो (प्रशासकाचे सगळे अधिकार) नको असेल तर कर्नल ५.८ पासून फक्त पर्फमॉन ही वेगळी कॅपेबिलिटी, म्हणजे मोजणीपुरता अधिकार, देता येते.

माझी खरी तक्रार आहे ती आकड्यांच्या शेवटी, उजवीकडे कंसात येणाऱ्या टक्क्यांबद्दल.

मी सहा इव्हेंट, म्हणजे मोजायच्या गोष्टी, मागितले: सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, कॅश-रेफरन्सेस (कॅशकडे केलेल्या मागण्या), कॅश-मिसेस, ब्रँचेस (प्रोग्रॅममधली वळणं), ब्रँच-मिसेस (वळणांचे चुकलेले अंदाज). अगदी नेहमीची यादी. आकडे आले, भरघोस आले, एककापर्यंत नेमके छापलेले. फक्त प्रत्येकापुढे कंसात ८० टक्क्यांच्या आसपासचा एक आकडा होता. त्याचा अर्थ असा, की तो इव्हेंट पूर्ण वेळ मोजलेलाच नाही. काउंटर पुरले नाहीत, म्हणून कर्नलने दर काही मिलिसेकंदांनी इव्हेंट आळीपाळीने बसवले, आणि न मोजलेल्या वेळाचा हिशेब पर्फने त्रैराशिकाने भरून काढला. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. आमचं काम आधी फाइल वाचतं, मग शब्द हॅश टेबलात टाकतं, शेवटी क्रमाने लावतं. तिन्ही टप्प्यांचं वागणं वेगळं. प्रत्येक वेळी चालवलं की कॅश-मिसेसचा आकडा वेगळाच येई.

मुळात काउंटर कमी का पडावेत? या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर हायपरथ्रेडिंग (एकाच कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय) चालू असताना प्रत्येक थ्रेडला चार सर्वसाधारण काउंटर मिळतात, आणि इन्स्ट्रक्शन्स, सायकल्स व रेफरन्स सायकल्स यांच्यासाठी तीन ठरलेले. म्हणजे माझे सहाही इव्हेंट आरामात बसायला हवेत. पण सायकल्सचा ठरलेला काउंटर आधीच अडवलेला होता. कुणी? कर्नलच्याच एनएमआय वॉचडॉगने, म्हणजे अडकलेला कोअर पकडणाऱ्या राखणदाराने. मग माझे सायकल्स सर्वसाधारण काउंटरवर आले, तिथे चार जागांसाठी पाच दावेदार झाले, आणि आळीपाळी सुरू झाली. एनएमआय वॉचडॉगच्या सेटिंगमध्ये शून्य लिहिलं, पुन्हा चालवलं, आणि कंस गायब! आकडेही एकदम स्थिरावले.

पहिले काही आठवडे मी यावर धुमसत होतो. माझ्या मशीनमधला काउंटर मला न विचारता का घ्यायचा? आता मत बदललंय, निदान निम्मं. वॉचडॉगचं काम कळल्यावर काउंटर घेण्यामागचं कारण पटतं. एखादा कोअर इंटरप्ट (काम थांबवून लक्ष वेधणारे इशारे) बंद करून अडकून पडला तर साधा टायमर तिथे पोचतच नाही. सायकल्सचा काउंटर भरून ओसंडला की येणारा एनएमआय (थोपवता न येणारा इंटरप्ट) मात्र पोचतो, आणि अडकलेला कोअर पकडला जातो. सर्व्हरवर हे हवंच. कर्नल ६.५ मध्ये दुसरा पर्यायही आला: एक कोअर शेजारच्या कोअरवर लक्ष ठेवतो, काउंटर लागतच नाही. डिस्ट्रोवाल्यांनी (उबुंटूसारखी लिनक्स तयार करून देणाऱ्यांनी) तो सरसकट चालू करावा असं माझं ठाम मत आहे.

राग उरलाय तो छापण्याच्या पद्धतीवर. अंदाज आणि मोजणी एकाच ठशात, एकाच रकान्यात का? यावर मला सापडलेला उपाय म्हणजे महिरपी कंस. इव्हेंट महिरपी कंसात एकत्र लिहिले की तो गट होतो. कर्नल एकतर सगळे एकाच वेळी बसवतो, नाहीतर एकही नाही. जागा नसली तर सरळ 'नॉट काउंटेड' येतं, आणि वॉचडॉग बंद करून बघा अशी सूचनाही खाली छापली जाते. त्रैराशिकाने फुगवलेल्या आकड्यापेक्षा हे स्पष्ट 'नाही' मला हजारदा चालेल. हल्ली मी गटाशिवाय काहीच मोजत नाही, आणि आर हा पर्याय देऊन तेच काम अनेकदा चालवून आकड्यांचा फरकही बघतो.

काउंटर कर्नलने वाटायचे, या पर्फच्या रचनेचं मूळ जुनं आहे. २००८ च्या डिसेंबरमध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी हा प्रस्ताव मांडला, तेव्हा स्टेफान एरानियन यांचं याच कामासाठीचं पर्फमॉन २ कर्नलमध्ये जाण्याची वाट बघत होतं. त्यात बरंचसं ठरवणं युजरच्या प्रोग्रॅमकडे होतं. नव्या प्रस्तावाने एकच सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायचा मार्ग) ठेवला आणि काउंटर कुणाला द्यायचा हा निवाडा कर्नलकडे घेतला. तोच २००९ मध्ये २.६.३१ मध्ये आला. निवाडा कर्नलकडे असणं मला आता योग्यच वाटतं, कारण वॉचडॉग आणि मी एकाच काउंटरवर हक्क सांगत असताना तिसरं कोण निवडणार? सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा: सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि हॅसवेल या इंटेलच्या जुन्या पिढ्यांवर हायपरथ्रेडिंग चालू असताना काही मेमरी इव्हेंट शेजारच्या थ्रेडचे आकडे बिघडवतात. त्यावरचा तोडगा ४.१ पासून कर्नलमध्येच आहे, तेव्हा त्याहून जुना कर्नल ठेवू नका.

शेवटी निदान काय झालं? प्रत्येक सायकलला एक इन्स्ट्रक्शनही पुरी होत नव्हती, कॅश-मिसेस भरमसाट, ब्रँच-मिसेस किरकोळ. प्रोसेसर मेमरीची वाट बघत ताटकळत होता. नुसतं पर्फ रेकॉर्ड (वेळ कोडमध्ये कुठे जातो ते नोंदवणारी आज्ञा) लावलं तर दोष पुढच्या तुलनेच्या इन्स्ट्रक्शनवर पडत होता. एल३ मिसच्या (कॅशच्या तिसऱ्या पातळीवरही माहिती न सापडण्याच्या) इव्हेंटपुढे 'पीपी', म्हणजे नेमकी इन्स्ट्रक्शन पकडायची खूण, जोडलं तेव्हा नेमकी जागा सापडली: हॅश टेबलातल्या साखळीचा पुढचा पॉइंटर (पुढच्या नोंदीचा पत्ता) मेमरीतून वाचणारी एक लोड इन्स्ट्रक्शन. साखळी काढून सगळं सलग अ‍ॅरेमध्ये ठेवलं. काम जवळपास निम्म्या वेळात व्हायला लागलं, त्याच जुन्या प्लॅनवर, एक रुपया न वाढवता.

त्या सर्व्हरवर काउंटर अजूनही नाहीत आणि सपोर्टकडे केलेल्या तक्रारीचं माझं तिकीट अजून उघडंच आहे. ऑफिसच्या मशीनवर केव्हीएममध्ये (लिनक्समधल्याच हायपरवायझरमध्ये) सीपीयू 'होस्ट', म्हणजे खऱ्या प्रोसेसरसारखाच, ठेवला तर पाहुण्या मशीनलाही काउंटर मिळतात; केव्हीएम ते यजमान कर्नलच्या पर्फमधूनच पुरवतो. म्हणजे अडचण तंत्राची नाही. तुम्ही नवीन प्लॅन घेणार असाल तर चाचणीच्या मुदतीतच पर्फ स्टॅट चालवून बघा. सायकल्ससमोर आकडा आला नाही, तर पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या.