चाटी गल्लीतलं चादरीचं दुकान: माल एक नंबर, पण तिथले विनोद नीट ऐका

मागच्या आठवड्यात भाचीच्या लग्नात आहेराला सहा आणि घरी एक अशा सात चादरी घ्यायला सोलापूरच्या चाटी गल्लीत गेले होते. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रार पण आहे.

आधी मालाचं सांगते. अस्सल कॉटन, जकार्डची वीण, म्हणजे नक्षी छापलेली नाही, मागावरच विणलेली, मोराची डिझाईन. सुलट बाजूला मरून जमिनीवर पांढरा मोर, उलटी केली की पांढऱ्यावर मरून मोर. आपल्या सोलापुरी चादरीला जीआय टॅग आहे, म्हणजे ते नाव फक्त इथल्याच मालाला लावता येतं, तरी बाहेरचा माल सोलापुरी म्हणून सर्रास खपवतात, त्यामुळं घडी पूर्ण उलगडून दोन्ही बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. इथं मला एकही चादर विरळ दिसली नाही. भाव पण ठीक.

दाखवायला एक मामा होते, साठीच्या पुढचे, आधी शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम केलेले, फोनवर तेलुगू आणि गिऱ्हाईकाशी मराठी. मी विचारलं, मामा, धुतल्यावर आटणार नाही ना? तर हसत म्हणाले, "चादर नाही आटत ताई, आमचा पगार तेवढा न धुता आटतोय की." सगळे हसले, मी पण हसले. गल्ल्यावरून मालक म्हणाले, "मामांना पगार कशाला, दिवसातनं चार वेळा चहा फुकट मिळतोय की." परत हशा. मामा मात्र खाली बघून घडी घालत होते, कडा जुळलेल्या असताना तीच घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली, मग परत मोडली.

ते काही डोक्यातनं जाईना. कॉलेजला मानसशास्त्र होतं तेव्हा शिकवलं होतं की फ्रॉईडनं १९०५ सालीच विनोदावर लिहून ठेवलंय, तोंडावर बोलता येत नाही ते माणूस चेष्टेत बोलून घेतो आणि ऐकणारा हसला की सुटतो. आपल्याकडच्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही, लेकी बोले सुने लागे. मामा माझ्याशी बोलतच नव्हते, मालकाशी बोलत होते, आणि मालकानं पण त्यांना उत्तर दिलं, नाही म्हणून.

माझे आजोबा जुन्या गिरणीत होते, १८७७ सालची ती गिरणी. ती बंद पडल्यावर पण पहाटे उठून बसायचे आणि म्हणायचे, "गिरणी बंद केली, मला बंद करायचं विसरले बघ." आम्ही पोरं खिदळायचो. आजी शेजारी विड्या वळत असायची, ती या विनोदाला कधीच हसली नाही, आणि का ते मला चाळीशी ओलांडल्यावर कळतंय.

आता तक्रार. बिल करताना मालक म्हणाले होते, "मरून रंग नव्या नवरीसारखा असतो, पहिल्यांदा रडतो मग संसाराला लागतो." मी हसून सोडून दिलं. घरची चादर पोराच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाबरोबर भिजवली आणि शर्ट गुलाबी झाला. म्हणजे रंग जातो हे त्यांना पक्कं माहिती होतं, सरळ सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल ही भीती होती म्हणून हसण्यावारी नेलं. हे मला अजिबात पटलं नाही. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यात तीन बादल्या रंग काढण्यात गेल्या.

फोन केला तर मालक म्हणाले, "शर्ट फुकटात रंगवून दिला की ताई." मी म्हटलं दादा, मला हसू येत नाहीये. दोन मिनिटं शांतता. मग मामांनी फोन घेतला आणि सरळ सांगितलं, "चूक आमची हाय ताई. पहिली तीन धुणी वेगळी धुवा, गार पाण्यात, आणि वाळवताना सावलीत टाका." तसं केलं, तिसऱ्या धुण्याला पाणी स्वच्छ निघालं, चादर इंचभर पण आटली नाही.

मालाला पाचपैकी पाच, दुकानाला तीन. गेलात तर मामांकडूनच चादर उलगडून घ्या, आणि ते काही चेष्टेत बोलले तर मालकासमोर हसू नका.