नदीकाठचा पथ : आधी आराखडा की आधी एक तुकडा?

शहरातून वाहणाऱ्या नदीच्या काठाने चालण्यासाठी, धावण्यासाठी आणि सायकलींसाठी सलग पथ व्हावा असे वाटणाऱ्या गटाला निधीच्याही आधी एक निर्णय घ्यावा लागतो. संपूर्ण काठाचा आराखडा लोकांपुढे मांडून, हरकती-सूचना घेऊन मगच कामाला लागायचे, की एक लहान तुकडा प्रत्यक्ष बांधून त्याच्या बळावर पुढच्या टप्प्यांसाठी पाठिंबा मिळवायचा? स्वच्छता मोहिमा आणि काठावरचे उपक्रम हा तिसरा मार्ग म्हणून सांगितला जातो. माझ्या मते ती या दोन्ही मार्गांची पूर्वतयारी आहे, पर्याय नव्हे.

तुकड्यापासून सुरुवात करण्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील डेन्व्हरचे आहे. जून १९६५ मध्ये तेथील साउथ प्लॅट नदीला विध्वंसक पूर आला, तरी पुढची कित्येक वर्षे तो काठ कचरा आणि राडारोडा टाकण्याचीच जागा राहिला. १९७४ मध्ये महापौर बिल मॅकनिकल्स यांनी नदीसाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जो शूमेकर या विरोधी पक्षातील राज्य सिनेटरांकडे दिले. नदीचा विषय एका पक्षाचा राहू नये, यासाठी याहून सोपा उपाय क्वचितच सापडेल. समितीने हाताशी असलेले मर्यादित पैसे सगळ्या काठावर पातळ पसरले नाहीत. चेरी क्रीकचा ओढा नदीला मिळतो त्या संगमावरचे उद्यान १९७५ मध्ये खुले झाले आणि काठाचे काय होऊ शकते, हे लोकांना नकाशाऐवजी डोळ्यांनी दिसले.

लॉस एंजेलिसचा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. १९३८ च्या पुरानंतर तेथील सुमारे ८२ किलोमीटर लांबीच्या नदीचा बहुतेक भाग काँक्रीटच्या पात्रात बांधला गेला. १९८६ मध्ये कवी लुईस मॅकॲडम्स यांनी नदीसाठी संघटना उभारली, तेव्हा ही नदी आहे, गटार नव्हे, हेच आधी पटवावे लागत होते. शहराचा पुनरुज्जीवन आराखडा आला २००७ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. त्यानंतरच्याच वर्षी काही जण कयाकमधून नदीत उतरले आणि २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने ती नदी नौकानयनयोग्य ठरवली, त्यामुळे तिला कायद्याचे संरक्षण मिळाले. येथे नमूद करण्यासारखे हे की, आराखड्याच्या मार्गावरही लोकांना नदीपाशी नेणारी गोष्ट शेवटी पाण्यात उतरणे हीच ठरली.

दोन्ही मार्गांतील खरा फरक काठाला लागून राहणाऱ्यांशी बोलताना कळतो. पथाचे समर्थक शहरभर विखुरलेले असतात आणि सभेला क्वचितच येतात. विरोधक मोजके असले तरी ते भिंतीपलीकडेच राहतात आणि प्रत्येक सभेला येतात. नकाशावर ओढलेली रेघ त्यांना आपल्या अंगणातून गेल्यासारखी दिसते. माझ्या परसात कोण डोकावेल, रात्री दिवे किती वाजेपर्यंत राहतील, गाड्या कुठे लावल्या जातील, या प्रश्नांना आराखड्याच्या सभेत बहुधा ‘ते पुढच्या टप्प्यात ठरेल’ असे उत्तर मिळते आणि त्या उत्तराने माणूस कायमचा विरोधात जातो. याउलट तुकड्याच्या जागेवर दोरी आणि फक्की घेऊन जाता येते. तीन मीटर रुंदीचा पट्टा जमिनीवर आखला, भिंत आणि पथ यांच्यामध्ये झुडपांसाठी किती जागा उरते ते पावलांनी मोजून दाखवले, दिव्याचा झोत खाली वळवता येतो हे समजावले आणि घरमालकाच्या म्हणण्यावरून ती रेघ त्याच्यासमोरच हातभर सरकवली, तर निम्मा वाद तेथेच मिटतो. रेघ सरकवण्याची तयारी नसेल, तर मात्र फक्की नेऊच नये.

तुकड्याचे दोषही लहान नाहीत. पहिला तुकडा संघटित, सुस्थितीतील वस्तीला मिळतो आणि काठावरच्या गरीब वस्त्यांची पाळी येतच नाही, हा आक्षेप रास्त आहे. आराखड्यात निदान प्रत्येकाला आपला भाग कागदावर दिसतो. शिवाय काठावर कोणाची उपजीविका असेल, तर घाई महागात पडते. दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये खांबांवरचा उंच रस्ता पाडून त्याखाली झाकल्या गेलेल्या चेओंग्येचेओन ओढ्याचा सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह २००३ ते २००५ या काळात खुला झाला. शहराने त्याचे कौतुक केले, पण तेथील फेरीवाल्यांना एका जुन्या क्रीडासंकुलात हलवण्यात आले आणि पुढे तेही पाडल्यावर पुन्हा उठावे लागले. अशा ठिकाणी पर्यायी जागेचे आश्वासन किती वर्षांचे आहे, हे लेखी हवे.

म्हणून निवड काठाच्या मालकीवरून करावी, असे मी सुचवेन. सलग एक-दीड किलोमीटर जमीन सार्वजनिक असेल, तेथे कोणी राहत नसेल आणि त्या पट्ट्याची दोन्ही टोके शाळा, बाजार किंवा बसथांबा अशा वर्दळीच्या जागी निघत असतील, तर आधी तुकडा बांधावा. कोठेच न पोहोचणारा पथ रिकामा राहतो आणि तो रिकामेपणा पुढच्या सभेत विरोधकांच्या कामी येतो. जमीन अनेक मालकांची असेल किंवा काठावर वस्ती असेल, तर वेळ कितीही लागो, आराखडाच आधी हवा.

दोन्ही मार्गांत एक बाब उद्घाटनापूर्वी कागदावर आणावी. पूर ओसरला की काठच्या पथावर गाळाचा निसरडा थर बसतो. तो कोणी, किती दिवसांत आणि कोणत्या खर्चातून काढायचा, हे ठरलेले नसेल, तर काल टाळ्या वाजवणारेच पुढच्या पावसाळ्यानंतर तक्रारअर्ज घेऊन येतात.