हनोईत रस्ता ओलांडणं: झेब्रा पट्ट्यांना दोन तारे, दुचाकीवाल्यांना चार

मुंबई-पुण्यात रस्ते ओलांडलेल्या माणसाला व्हिएतनामची राजधानी हनोईत काय अवघड, असं वाटतं. आपली सवयच तिथे आड येते. आपण हात दाखवतो, दोन पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. हनोईचा दुचाकीस्वार तुमची चाल लांबून हेरतो आणि तुमच्या पुढून जायचं की मागून, हे आधीच ठरवतो. तुम्ही मध्येच पळालात किंवा मागे सरलात, की त्याचा अंदाज चुकतो. बहुतेक घोळ इथेच होतो.

आधी झेब्रा पट्ट्या. होआन किएम तळ्याच्या उत्तरेकडच्या जुन्या पेठांमध्ये त्या आहेत, पण सिग्नल नसेल तिथे त्यांच्यासाठी फारसं कुणी थांबत नाही. तरी तिथूनच ओलांडा, कारण चुकीच्या जागी ओलांडणाऱ्या पादचाऱ्यालाही दीड ते अडीच लाख डाँग, म्हणजे साधारण 500 ते 800 रुपये दंड आहे. सिग्नलचा अनुभव बराच बरा. जानेवारी 2025 पासून लाल दिवा तोडणाऱ्या दुचाकीला 40 ते 60 लाख डाँग दंड झाला आणि गाड्या पट्टीमागे थांबू लागल्या. मात्र हिरवा माणूस दिसला तरी वळून येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष हवंच.

वाहतूक उजव्या बाजूने चालते, म्हणून पहिली नजर डावीकडे. आपली मान सवयीने उजवीकडे वळते, हे लक्षात ठेवा. उजवीकडेही बघायचंच, कारण फुटपाथच्या कडेने उलट दिशेने येणारी एखादी स्कूटर असतेच.

बस, ट्रक, मोटार जाऊ द्या. त्यांना तुम्हाला वळसा घालायला जागा नसते. फक्त दुचाकी उरल्या आणि त्यांच्यात थोडी फट दिसली, की उतरा. रस्ता पूर्ण रिकामा व्हायची वाट पाहिलीत, तर संध्याकाळी पाच ते सातमध्ये तिथेच उभे राहाल. सरळ रेषेत, एकाच संथ वेगाने चाला, नजर येणाऱ्या गाड्यांवर. फोन खिशात. मध्येच मोटार आली तर जागेवर उभे राहा, मागे येऊ नका. मागून जायचं ठरवलेला स्वार नेमका तिथेच आलेला असतो.

कुटुंब असेल तर एकामागोमाग रांग नको. रस्त्यावर आडवी साखळी तयार होते आणि मधली आजी अडकते. सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून एकदम निघावं, म्हणजे गाड्यांना एकाच माणसाएवढा अडथळा चुकवायचा असतो. धट्टाकट्टा माणूस अर्ध्या रस्त्यापर्यंत डावीकडे, पुढे दुहेरी वाहतूक असेल तर उजवीकडे. एवढ्यासाठी मधोमध जागा बदलत बसू नका. दोन्ही टोकांना मोठी माणसं असली की झालं. बाबागाडी पुढे ढकलत उतरू नका. ती आधी रस्त्यात येते आणि तुम्ही नंतर दिसता. धीर होत नसेल तर ओलांडणाऱ्या स्थानिक माणसाच्या बाजूने, त्याच्या बरोबरीने चाला. कुणी काही म्हणत नाही.

फुटपाथला मात्र एकच तारा. लावलेल्या स्कूटर आणि खानावळींची बुटकी स्टुलं यांमुळे कित्येकदा रस्त्यावरूनच चालावं लागतं, आणि ओलांडण्यापेक्षा तेच जास्त त्रासाचं. पावसात आणखी वाईट: चाकं घसरतात, हेल्मेटच्या काचेवर पाणी असतं. तेव्हा दुप्पट फट बघा. विजेच्या स्कूटरचा आवाज येत नाही, म्हणून कानांवर विसंबू नका. हॉर्नला घाबरायचं कारण नाही, तो बहुधा ‘मी येतोय’ एवढंच सांगतो. बसचा हॉर्न तेवढा गंभीरपणे घ्या.

लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर तळ्याभोवतीची फेरी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र या वेळेत ठेवा. तेव्हा तिथले रस्ते गाड्यांना बंद असतात. मोठ्या रुंद रस्त्यांवर पादचारी पूल असेल तर जिने चढा, नसेल तर पलीकडे जाण्यापुरती टॅक्सी करा. अपघात झालाच तर रुग्णवाहिकेसाठी 115, पोलिसांसाठी 113.