भटकंतीसाठी लहान गिटार: आधी तारेची लांबी पाहावी

प्रवासात आणि शेकोटीजवळ वाजवण्यासाठी लहान अकूस्टिक गिटार घेताना बहुतेक जण ती पाठीवर पेलवेल का आणि विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल का, एवढेच पाहतात. तेही पाहायला हवेच. पण निवड तेवढ्यावरच थांबली तर नेण्या-आणण्याला सोयीचे आणि सुरात मात्र न टिकणारे वाद्य पदरी पडण्याचा संभव असतो. माझ्या मते या गिटारींची पारख सर्वप्रथम नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतच्या (पेटीवर तारा टेकतात ती पट्टी) अंतरावर, म्हणजेच तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीवर करावी आणि पेटीचा आकार व लाकूड यांचा विचार त्यानंतर करावा.

नेहमीच्या ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पेटीच्या गिटारमध्ये ही लांबी साधारण २५.४ इंच असते. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावायची तर तिला लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे २३ इंचांच्या गिटारवर तो सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरतो. याचा फायदा डाव्या हाताला लगेच जाणवतो: तारा मऊ लागतात, पहिला फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) नटपासून ३६ मिलिमीटरऐवजी जेमतेम ३३ मिलिमीटरवर येतो आणि एफची बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचा स्वरसमूह) धरताना हात अवघडत नाही. तोटा उजव्या हाताच्या वाट्याला येतो. सैल तार जोराने छेडली की तिचा सूर क्षणभर चढतो आणि मग जागेवर येतो, शिवाय सर्वांत जाड ई तार फ्रेटवर खडखडू लागते. चार-पाच जण मोकळ्या गळ्याने गात असताना साथीची गिटार जोरानेच वाजवली जाते, म्हणून हा दोष घरापेक्षा शेकोटीजवळ अधिक उघडा पडतो.

यावरचा उपाय हिशेबाने काढता येतो. तारेचा ताण तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि साध्या, म्हणजे वेटोळे नसलेल्या तारेचे वजन जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. लाइट संचातील .०१२ इंचांच्या तारेऐवजी मीडियम संचातील .०१३ इंचांची तार चढवली तर ताण साधारण १७ टक्क्यांनी वाढतो, २३.५ इंचांच्या गिटारवर तो जवळजवळ मोठ्या गिटारवरच्या लाइट तारांइतकाच होतो. टेलर कंपनी २०१० मध्ये बाजारात आणलेल्या २३.५ इंचांच्या जीएस मिनीला मीडियम तारा लावते, त्यामागचे गणित हेच असावे. या गिटारचा पुढचा भाग सॉलिड, म्हणजे थर नसलेल्या अखंड लाकडाचा असून मागची व बाजूची फळी थरांच्या लाकडाची आहे. पेटी आखूड असली तरी खोल आहे, म्हणून खर्ज भरीव येतो आणि कॉर्डची आस, म्हणजे छेडल्यावर रेंगाळणारा नाद, बऱ्यापैकी लांबते. घरी आणि बाहेर मिळून एकच गिटार ठेवायची असेल तर मी निःशंकपणे हिचीच शिफारस करेन. मात्र ही या वर्गातील सर्वांत लहान गिटार नव्हे, आणि गिग बॅगसह ती पाठीवर घेऊन दिवसभर चढण चढायची असेल तर तिचा आकार जाणवतो.

त्याच कंपनीची बेबी टेलर १९९६ पासून मिळते. तिच्या तारेची लांबी २२.७५ इंच आहे. फ्रेटबोर्डच्या पेटीकडील टोकाला दोन स्क्रूंची डोकी स्पष्ट दिसतात; मान पेटीला त्यांनीच जोडलेली असते. नवख्या ग्राहकाला हे दिसायला ओबडधोबड वाटेल, पण भटकणाऱ्या वाद्यात मान सोडवून पुन्हा बसवता येणे ही मोठी सोय आहे, कारण मानेचा कोन कालांतराने बदलू शकतो आणि चिकटवलेली मान सोडवणे हे कसबी कारागिराचे काम असते. आवाज स्वच्छ आहे, पण खर्ज तोकडा.

दुकानात अशा गिटारी मोठ्या गिटारशेजारी वाजवून पाहिल्या की खर्जाची ही उणीव फार मोठी भासते. प्रत्यक्षात मोकळ्या जागेत आवाज परतवायला भिंती नसतात आणि मोठ्या गिटारचा खर्जही लवकर विरतो. गाणाऱ्यांना सूर आणि ठेका सापडतो तो मधल्या पट्टीतून, आणि ती लहान पेटीतून नेमकी, ठळक येते. म्हणून केवळ खर्ज कमी आहे या कारणाने लहान गिटार नाकारू नये. ती सुरात टिकत नसेल तर मात्र जरूर नाकारावी.

शेकोटीचा खरा त्रास हवेचा आहे. एका बाजूने कोरडी धग लागते, दुसऱ्या बाजूने दव पडते. धगीने पोलादी तार प्रसरण पावून तिचा सूर उतरतो, तर ओलाव्याने पुढची फळी फुगून तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. कार्बन फायबरच्या गिटारला ओलाव्याची भीती नसते, परंतु तारा तिच्याही पोलादीच असल्याने आगीजवळ तिचाही सूर उतरतो. तिला काहीच होत नाही, हा समज चुकीचा आहे. कोणतीही गिटार जिथे बसून वाजवायची तिथे काही वेळ राहू द्यावी आणि मगच सुरात लावावी.

ज्यांची भटकंती पावसापाण्याची आहे त्यांनी मार्टिन कंपनीच्या लिटल मार्टिन मालिकेकडे पाहावे. तिच्या तारेची लांबी २३ इंच आहे. मागचा व बाजूचा भाग लाकडाचा नसून राळेत मुरवलेल्या कागदाचे थर प्रचंड दाबाखाली एकजीव करून बनवलेला असतो, ज्या जातीचा सनमायका टेबलावर बसवतात त्याच जातीचा. एलएक्स१ला पुढे सॉलिड स्प्रूस लाकूड आहे, तर एलएक्सएमला पुढेही तेच कृत्रिम लॅमिनेट. एलएक्सएमचा नाद कोरडा आहे, आस लवकर सरते. तरीही दवात, धुरात आणि अनेकांच्या हातांत फिरण्यासाठी मी तीच निवडेन, कारण तडा जाण्याच्या धास्तीने पिशवीतच राहिलेल्या गिटारचा कुणालाच उपयोग नसतो. याच कंपनीची निमुळती बॅकपॅकर वजनाला हलकी असली तरी तिची पेटी इतकी अरुंद आहे की मान खाली झुकते आणि पट्ट्याशिवाय ती धरवत नाही. मांडी घालून बसणाऱ्याला ती सोयीची नाही. यामाहाच्या जेआर१च्या तारेची लांबी ५४० मिलिमीटर, म्हणजे सुमारे २१.३ इंच आहे. लहान मुलांच्या हाताला ती छान बसते, मोठ्या माणसाच्या बोटांना मात्र वरच्या, म्हणजे पेटीकडच्या फ्रेटवर दाटी होते.

घेण्यापूर्वी दुकानातच प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता तिला हलकेच स्पर्श करून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला सूर ट्यूनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्रावर पडताळावा. दोन्ही जुळले नाहीत तर तारा बदलून पाहण्याची विनंती करावी, आणि तरीही फरक राहिला तर ती गिटार सोडून द्यावी. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, शेकोटीजवळ वाजवू तितक्याच जोराने ई आणि जी या कॉर्ड वाजवाव्यात आणि लगेच पुन्हा ट्यूनर पाहावा. मीडियम तारा चढवायचा विचार असेल तर त्या विशिष्ट मॉडेलला निर्मात्याची तशी मुभा आहे का, हेही तिथेच विचारून घ्यावे, कारण हलक्या बांधणीच्या गिटारचा ब्रिज (पेटीवर चिकटवलेला, तारा अडकवायचा तुकडा) जादा ताणाने उखडू शकतो.