बुडखा काढायला काय घ्यावं: छोटा ग्राइंडर, ट्रॅक्टरवरचा ग्राइंडर की तासावरचा जेसीबी?

सांगली-साताऱ्यात झाडं उतरवण्याचा आणि छाटणीचा छोटा व्यवसाय असेल आणि स्टंप ग्राइंडर (दातेरी चाकाने बुडखा जागेवरच खरवडून भुसा करणारं मशीन) घ्यायचं मनात असेल, तर हॉर्सपॉवरचा आकडा आधी बाजूला ठेवा. गेल्या वर्षातली कामं आठवा. बुडखे कुठे होते? जमिनीलगत केवढे रुंद होते? तिथवर जायची वाट किती फुटांची होती? विश्रामबागेतल्या बंगल्यामागचा अशोक आणि तासगावकडच्या बांधावरची जुनी बाभूळ ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींना पुरेल असं एकच मशीन शोधायला गेलं, तर पैसा अडकतो आणि दोन्ही कामं अर्धवट होतात.

एक हिशेब सुरुवातीलाच मनात बसवून घ्या. एक फूट व्यासाच्या बुडख्यापेक्षा दोन फुटांच्या बुडख्यात तेवढ्याच खोलीला चौपट लाकूड असतं, तीन फुटांच्यात नऊपट. म्हणून एक फुटाचं काम तासाभरात संपवणारं छोटं मशीन जुन्या रेनट्रीवर सगळा दिवस खातं. माप घ्यायचं तेही जमिनीलगत, मुळ्या फाकतात तिथे. वर दीड फूट दिसणारा गुलमोहर खाली अडीच फूट भरतो. दर इंचावर लावणार असाल तर हे माप गिऱ्हाइकासमोर टेप लावूनच घ्या.

आता पर्याय. पहिला, पेट्रोल इंजिनचा छोटा ग्राइंडर, मागे उभं राहून दांड्याने चालवायचा. दुसरा, ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा. तिसरा, जेसीबी, जो विकत घ्यायचाच नाही, तासावर बोलवायचा. पंचवीस-तीस हॉर्सपॉवरचं, रबरी ट्रॅकवर स्वतः चालत जाणारं मशीनही असतं आणि परदेशातले ठेकेदार तेच पसंत करतात. काम सुंदर करतं. पण वजन अर्ध्या टनाच्या पुढे, किंमत मोठी, आणि हायड्रॉलिकचा एखादा भाग गेला की तो बाहेरून येईपर्यंत मशीन उभं. नुकत्याच सुरू झालेल्या व्यवसायाने त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जेसीबी कुठे जिंकतो

शेतात जेसीबीला तोड नाही, हे ग्राइंडर विकणारा सांगणार नाही. ग्राइंडर बुडखा खरवडतो तो जमिनीखाली आठ ते बारा इंच. बाजूला गेलेल्या मुळ्या जागेवरच राहतात. तिथे उद्या नांगर किंवा रोटाव्हेटर फिरणार असेल तर त्या मुळ्या पुढची दोन-तीन वर्षं त्रास देतात. कवठेमहांकाळ-मिरज पट्ट्यात द्राक्षबाग मोडून नवी लावायची, आटपाडीकडे डाळिंब काढायचं, बांधावरची बाभूळ उपटायची, तर मुळ्यांसकट वर आलेलंच बरं. मुळ्यांना रोग असेल तर जास्तच. शेतकऱ्याला हे खरं सांगावं आणि जेसीबी ठरवून द्यावा. आज एक काम गेलं तरी तोच माणूस घराजवळच्या झाडाला तुम्हालाच बोलावतो.

गावात मात्र चित्र उलटं होतं. जेसीबी सात फुटांहून रुंद. साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या बोळात तो शिरतच नाही. शिरला तरी बुडखा उपटताना मुळी जिथवर गेली आहे तिथवरचं सगळं हलतं: कंपाउंडचा पाया, ड्रेनेजचा पाइप, नळाची लाइन, पेव्हर ब्लॉक. मागे चार-पाच फुटांचा खड्डा राहतो, तो भरायला मुरमाची ट्रॉली लागते. मातीने लडबडलेला तो बुडखा कुणी फुकटही नेत नाही, कारण त्यावर चेनसॉ लावला की साखळीची धार गेलीच. ताशी भाडं स्वस्त दिसतं, पण हे सगळं मिळून काम महाग पडतं. ग्राइंडरची बाजारपेठ याच जागेत आहे: बंगले, सोसायट्या, शाळा, दवाखाने, कुपवाड आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतली कारखान्यांची आवारं.

छोटा ग्राइंडर आणि ट्रॅक्टरचा ग्राइंडर

छोट्या ग्राइंडरवर साधारण ३८९ सीसीचं होंडा जीएक्स३९० किंवा त्याच धर्तीचं चिनी इंजिन असतं. जाहिरातीत तेरा किंवा पंधरा हॉर्सपॉवर लिहिलेली असली तरी होंडाचं हे इंजिन ३६०० आरपीएमला पावणेबाराच्या आसपास देतं. पूर्ण लोडवर तासाला साडेतीन लिटर पेट्रोल धरा. टाकी सहा लिटरची. दोन माणसं फळी लावून ते छोट्या हत्तीत चढवतात, तीन फुटांच्या फाटकातून ते आत जातं, आणि इंजिन बिघडलं तर जिल्ह्याच्या कुठल्याही गावात दुरुस्त करणारा भेटतो. या शेवटच्या गोष्टीचं मोल पहिल्या हंगामातच कळतं.

त्याची मर्यादाही तितकीच ठळक आहे. दीड फुटापर्यंत ते आनंदाने काम करतं. त्यापुढे माणूस थकतो, कारण मशीनचा सगळा हादरा मनगटात आणि खांद्यात येतो. वाळलेली बाभूळ आणि चिंच त्याला घाम फोडतात. नारळाच्या बुडख्यात वेगळीच अडचण: चिवट तंतू चाकाभोवती गुंडाळले जातात आणि दर थोड्या वेळाने इंजिन बंद करून ते कापून काढावे लागतात. गुलमोहर, अशोक, सिल्व्हर ओक यांवर मात्र ते छान चालतं.

ट्रॅक्टरवरच्या ग्राइंडरला ताकदीची चिंता नाही. पंचेचाळीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर अडतीस-चाळीस तरी मिळतात, म्हणजे छोट्या मशीनच्या तिपटीहून जास्त. चाक मोठं असल्याने खोलीही जास्त जाते. हादरा ट्रॅक्टर सोसतो, चालवणारा सीटवर बसलेला असतो, आणि तीन फुटांचा वडसुद्धा दुपारपर्यंत आटोक्यात येतो. घरात ट्रॅक्टर आधीच असेल तर निम्मी गुंतवणूक झालेलीच आहे.

घेताना एक गोष्ट नीट बघा: चाक डावी-उजवीकडे सरकवायला हायड्रॉलिक सिलिंडर आहे का. असेल तर ट्रॅक्टरला मागे तेलाचे जादा आउटलेट हवेत. हायड्रॉलिक पलटी नांगराला लागतात तेच, म्हणून या भागातल्या बऱ्याच ट्रॅक्टरना ते आधीच बसवलेले असतात. सिलिंडर नसलेलं स्वस्त मॉडेल म्हणजे प्रत्येक पट्टा घ्यायला ट्रॅक्टर पुढे-मागे करायचा आणि लिफ्ट वर-खाली करायची. त्यात क्लच झिजतो आणि काम ओबडधोबड होतं. ते घेऊच नका.

ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर हिशेब बदलतो. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचं गळीत सुरू झालं की मार्च-एप्रिलपर्यंत इथले ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीत गुंतलेले असतात. बुडखे काढायला जमीन कोरडी असते तेही याच महिन्यांत. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ट्रॅक्टर रुततो, आणि छोटा ग्राइंडर नेला तरी ओली माती चाकाच्या गार्डमध्ये थापली जाऊन बसते. म्हणजे भाड्याच्या ट्रॅक्टरवर विसंबलात तर तुमच्या कामाच्या ऐन दिवसांत मशीन शेडमध्ये पडून राहणार.

पाचगणी-महाबळेश्वरकडे कामं असतील तर वेगळा विचार करा. शाळांच्या सपाट मैदानांवर ट्रॅक्टर मजेत फिरतो, पण बंगल्यांचे उतार आणि दगडी पायऱ्या यांपुढे त्याचा इलाज नाही. तिथे छोटा ग्राइंडरच जातो, तोही दोघांनी धरून.

माझा कौल असा: वर्षातली बहुतेक कामं गावातली आणि दीड फुटाच्या आतली असतील तर छोटा ग्राइंडर घ्या, आणि मोठा बुडखा आला की ट्रॅक्टरवाल्याला कामात सामील करून घ्या. घरचा ट्रॅक्टर असेल आणि संस्था, कारखाने, रस्त्याकडेची कामं मिळत असतील तर पीटीओवरचा. महिन्याला दोन-चारच बुडखे येत असतील तर दोन्ही नको. चेनसॉने जमिनीलगत सपाट कापून द्या आणि थांबा.

खरा खर्च दातांचा

या धंद्यात पैसे इंजिन खात नाही, दात खातात. चाकावरच्या दातांच्या टोकाला कार्बाइड असतं, फार कठीण पण ठिसूळ. लाकडात ते खूप टिकतं, दगडात एका फटक्यात टवका उडतो. माण-खटाव आणि जतकडे मुरूम नि दगड वरच लागतात; महाबळेश्वरला जांभा. शहरात बांधकामाच्या विटा, काँक्रीटचे तुकडे आणि जुन्या तारेच्या कुंपणाचे अवशेष बुडख्याभोवती पुरलेले असतात. पेटीत बदली दात हवेतच. बुडख्याभोवतीची माती आधी टिकावाने अर्धा फूट मोकळी करून दगड वेचून काढायला वीस मिनिटं लागतात, आणि ती वीस मिनिटं दातांचा अर्धा खर्च वाचवतात.

दात दोन जातींचे. सरळ, बोल्टने बसणारे, डावे-उजवे वेगळे. आणि गोल, ज्यांची एक कड बोथट झाली की ते फिरवून दुसरी पुढे आणता येते. आपल्याकडच्या मातीसाठी गोल दात सरस, सुट्या भागांच्या दुकानात ते मिळत असतील तर. धार लावायला साधा ग्राइंडिंगचा दगड चालत नाही; सिलिकॉन कार्बाइडचा हिरवा दगड किंवा डायमंड व्हील लागतं. कुपवाडच्या टूल ग्राइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये ही सोय होऊ शकते, आधी जाऊन बोलून ठेवा.

हेच दगड बाहेर फेकलेही जातात. चेहऱ्यावर जाळी किंवा शिल्ड, कानाला मफ, पायात जाड बूट, आणि मशीनभोवती जाड रबराचे किंवा प्लायचे आडोसे नसतील तर सोसायटीत काम घेऊ नये. शेजारच्या गाडीची काच हा सर्वांत कमी धोका आहे. खाली वीज किंवा पाण्याची लाइन आहे का हे घरमालकाला विचारा, मीटर आणि नळाच्या दिशा बघा. रस्त्याकडेच्या कामाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये आणलेलं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आहे, त्यावर आधी कळवता येतं.

भाव ठरवताना भुशाचं काय करायचं तेही बोलून घ्या. लाकूड नि माती मिसळून होणारा ढीग खड्ड्यापेक्षा मोठा भरतो. वर हिरवळ लावायची असेल तर थोडा भुसा खड्ड्यात चालतो, पण ताजा भुसा कुजताना मातीतला नत्र ओढतो, म्हणून शेणखत नि माती जास्त घालावी. वर पेव्हर किंवा काँक्रीट येणार असेल तर भुसा पूर्ण काढून मुरूम भरून धुमस करावा लागतो, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत फरशी खचते आणि बोल तुमच्याकडे येतो. निलगिरी, सुबाभूळ असेल तर सहा इंचांवर थांबू नका, खालून पुन्हा फुटतात. कडुलिंबाला लांबच्या मुळ्यांवरूनही फुटवे येतात, ते आधीच सांगून ठेवा.

बुडख्याला हात लावण्यापूर्वी झाड तोडल्याची परवानगी कागदावर बघा. शहरी हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून येते. बाहेर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा. विनापरवाना तोडलेल्या झाडाचा बुडखा हाच उरलेला पुरावा असतो, आणि त्याचा भुगा करणाऱ्याचं नाव चौकशीत निघतं.

मशीन बघायला जाल तेव्हा विक्रेता मऊ लाकडाचा ओंडका दाखवेल. त्याला वाळलेल्या बाभळीवर चालवून दाखवायला सांगा. इंजिन हळू केल्यावर चाक थांबतं का ते बघा. सेंट्रिफ्युगल क्लच असेल तर थांबतं, थेट जोडलेलं असेल तर फिरतच राहतं आणि असं मशीन कामगाराच्या हाती देण्यासारखं नसतं. बेअरिंगचा नंबर लिहून घ्या आणि तो मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या दुकानात मिळतो का विचारून या. इंजिनच्या बेल्टचंही तसंच. शेवटी, पैसे देण्याआधी, सुटा एक दात आणि त्याचा बोल्ट विकत मागा. तो त्याच्या दुकानातल्या फळीवरून निघाला तर पुढचं बोलणं करा.