उतरली होती बॅटरी, बिल लावलं ईसीएमचं : २०,६९९ रुपये गेले

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरली होती. एवढंच झालं होतं. तेवढ्यासाठी ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, बिघडल्याचं सांगून माझ्याकडून २०,६९९ रुपये उकळले आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा जागची हलली नाही. नेटवर नंबर शोधून घरपोच मेकॅनिक बोलावणाऱ्यांनी हे वाचावं, म्हणून सगळं लिहितेय, आकड्यांसकट.

आई आजारी म्हणून पावसाळाभर मी सांगलीला होते. गाडी पुण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. घरात चालवणारं दुसरं कुणी नाही. परत आले तेव्हा गणपती तोंडावर आलेले, नेहमीचा मेकॅनिक गावी गेलेला आणि सासऱ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. किल्ली फिरवली की नुसतं टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे लागत होते, पण किल्ली पुढे नेली की मंद व्हायचे.

नंबर शोधला. सगळ्यात वर आलेल्या नावात गाडीच्या कंपनीचंच नाव, शेजारी ‘अधिकृत’ आणि भरपूर तारे. फोन लावला. ‘मॅडम, फक्त ४९९ व्हिजिट चार्ज, अर्ध्या तासात माणूस पोचतो.’ बाइकवरून दोघं आले. एकाने स्टिअरिंगखाली छोटा स्कॅनर लावला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. लाल अक्षरांत ओळींमागून ओळी. ‘ईसीएम उडालंय. कंपनीत नवीन टाकायला ३८,००० लागतील, वर आठवडा जाईल. आम्ही आजच्या आज रिपेअर करून देतो.’

इथे मी विचारलं होतं. स्पष्ट विचारलं होतं, ‘अहो, गाडी इतके दिवस उभी आहे, बॅटरी उतरली असेल. आधी ती बघा ना.’ तो म्हणाला, ‘बॅटरी गेली असती तर हे दिवे लागले असते का, मॅडम?’

या एका वाक्यावर सगळं फिरलं. आजही आठवलं की मस्तक भडकतं. दिव्यांना करंट लागतो अगदी थोडा. इंजिन फिरवायला स्टार्टर शंभरच्या वर अँपिअर ओढतो. अर्धमेल्या बॅटरीवर दिवे लागतात आणि स्टार्टर फिरत नाही, हे त्या धंद्यातल्या पोराटोरालाही ठाऊक असतं. टक-टक आवाज आणि मंद होणारे दिवे, याचा अर्थ जवळपास नेहमी बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा क्षार. त्याच्या उघड्या पिशवीत पिवळा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) मला दिसत होता. तो त्याने बाहेर काढलाच नाही. बॅटरीला मीटर न लावता कुणी ईसीएमचं नाव घेतलं, तर त्याला तिथूनच परत पाठवा.

‘मग हो का म्हणालीस?’ असं सगळे विचारतात. घरात ऐंशीच्या घरातला माणूस, ऑपरेशनची वेळ ठरलेली, आणि समोर कंपनीचा शर्ट घातलेला माणूस कंपनीच्या नावाने बोलतोय. डॉक्टरने रिपोर्ट दाखवला की आपण त्याच्याशी वाद घालतो का?

एक जण कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन ‘लॅब’ला गेला. मी वर सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला गेले होते. (सुटा केलेला भाग डोळ्यांसमोर काढायला लावा आणि त्यावरच्या नंबरचा फोटो घ्या.) तो परतल्यावर ‘प्रोग्रॅमिंगला स्थिर करंट लागतो’ म्हणत त्याने पिशवीतून एक पॉवर पॅक काढला, लाल-काळे चिमटे बॅटरीला लावले, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. याला जंप स्टार्ट म्हणतात. शेजारच्या गाडीवरून केबल लावूनही होतं, फुकट. लाल केबल दोन्ही बॅटरींच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला. ते शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीवर लावू नका, ठिणगी उडते.

बिल असं : व्हिजिट ४९९, ईसीएम दुरुस्ती १४,५००, सेन्सर ३,२००, प्रोग्रॅमिंग २,५००. छापील पॅडवर पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर कुणा व्यक्तीचं नाव. ‘मालकांचं खातं आहे.’ कंपनीचे पैसे व्यक्तीच्या नावावर जात असतील, तर पिन टाकू नका.

सकाळी पुन्हा टक-टक. सासऱ्यांना रिक्षाने नेलं. फोन केला तर ‘तो वेगळा फॉल्ट आहे, आल्टरनेटर बदलावा लागेल, ८,५००’. (आल्टरनेटर म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग.) मी आवाज चढवल्यावर नंबर ब्लॉक.

आमचा मेकॅनिक गावाहून आला आणि त्याने सगळ्यात आधी मीटर लावला. ११.३ व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. मग त्याने मला ईसीएम दाखवलं. बोल्टवर धुळीचा थर जसाच्या तसा, कनेक्टरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, तेही अख्खं. कुणी हातच लावला नव्हता. व्होल्टेज घसरलं की स्कॅनरवर खोटे फॉल्ट कोड ढिगाने येतात. नवी बॅटरी बसवून त्याने ते पुसले, पुन्हा एकही आला नाही. आल्टरनेटर १४.१ व्होल्ट देत होता, म्हणजे ठणठणीत. जुनी बॅटरी देऊन नवी ४,७०० ला पडली. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉकिंग थोडा थोडा करंट खातच असतात. लहान गाडीची बॅटरी महिना-दोन महिन्यांत बसू शकते. गावी जाताना निदान मायनसचं टर्मिनल काढून ठेवा. आणि विम्याच्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का ते आधी पाहा, त्यात जंप स्टार्ट बहुधा असतो. नंबर पॉलिसीवरूनच घ्या, सर्चमधून नाही.

आता पोलिसांचं ऐका. चौकीत म्हणे, ‘तुम्ही काम करून घेतलंत, पैसे स्वतः दिलेत, हा दिवाणी मामला. ग्राहक मंचात जा.’ ग्राहक आयोगात (जुनं नाव मंच) पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ऑनलाइन अर्ज करता येतो, सगळं खरं. पण तिथे समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे काय आहे? बंद मोबाइल नंबर आणि यूपीआय आयडी. त्या आयडीमागचा माणूस पोलीस बँकेकडून काढू शकतात, मी नाही. बँकेत गेले तर, ‘पिन तुम्हीच टाकला, व्यवहार संमतीचा आहे, पोलिसांचं पत्र आणा.’ पोलीस म्हणतात मंच, मंच म्हणतो पत्ता, बँक म्हणते पोलीस. खेटे मी घालायचे आणि तो माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघालेला! सर्चवरच्या त्या नोंदीची तक्रार केली, तर उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. कंपनीचं नाव चोरून ‘अधिकृत’ लिहिणं हा नियमभंग नाही?

न केलेल्या कामाचे पैसे खोटं बोलून घेणं ही फसवणूक आहे. जुनं ४२० आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८(४) आहे आणि ते दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात. ‘दिवाणी’ म्हणून हाकलून द्यायचं प्रकरण नाही. ठाण्यात नोंदवून घेतलं नाही, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. मी स्पीड पोस्टने पाठवली आहे. बिल, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ईसीएमवरच्या जाळ्याचा फोटो आणि मेकॅनिकचं सही केलेलं पत्र जोडलंय. पैसे ऑनलाइन गेले असतील तर तुम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकं रक्कम अडण्याची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार क्रमांक मागून घ्या.

नातेवाईक म्हणतात, वीस हजारांसाठी किती डोकं खाणार, सोडून दे. का सोडू? तीच नोंद आजही सर्चमध्ये आहे, तेच फोटो, फक्त नंबर नवा. परवा मी दुसऱ्या फोनवरून लावून पाहिला. ‘फक्त ४९९ व्हिजिट चार्ज, मॅडम.’ तो नंबरही मी उपायुक्तांच्या कार्यालयात लेखी देऊन पोच घेतली आहे.